सतराशे मीटरची सूर्यमाला, पोचपावतीसह

गोव्यात केरी नावाची तीन गावं आहेत. एक पेडण्यात समुद्राकाठी, एक सत्तरीत, आणि एक आमचं, फोंडा तालुक्यातलं. एकतीस वर्षं टपाल वाटताना या तीन केऱ्यांनी मला जेवढं पिडलं तेवढं कुठल्या कुत्र्यानंही पिडलं नाही. पाकिटावर नुसतं 'केरी, गोवा' लिहिलेलं असायचं, आणि पेडण्यातल्या लग्नाचं आमंत्रण आमच्याकडे फिरून लग्न उरकल्यावर तिकडे पोचायचं. हे आधीच सांगतोय, कारण पुढे अशाच एका चुकलेल्या पत्त्याची गोष्ट येणार आहे. फक्त ते टपाल जवळपास दोन हजार कोटी किलोमीटरवर होतं.

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. सायकल आहे, पाय आहेत आणि सुट्टीत वाड्यावर जमणारी दहाबारा भुरगी, म्हणजे पोरं, आहेत. दर डिसेंबरात एका रविवारी सकाळी आम्ही गावच्या रस्त्यावर सूर्यमाला मांडतो, आणि माणसाने पाठवलेली यानं कुठवर पोचली ते चालत जाऊन बघतो. नातीच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "काका, हे नीट लिहून द्या, आम्हीपण करू." म्हणून हे लिहिणं. ज्यांच्या गावात दोनेक किलोमीटर कमी रहदारीचा रस्ता आहे त्यांना सहज जमेल. खर्च एका नारळाचा, आणि तो नारळही दुपारी हुमणात जातो.

आधी नारळ

सूर्य म्हणून जे काही ठेवाल त्याच्या रुंदीच्या १०७ पट अंतरावर पृथ्वी येते. एवढं पाठ करा, बाकीचा हिशेब त्यातूनच निघतो. पहिल्या वर्षी मी हा हिशेब न करता भुरग्यांचा फुटबॉल ठेवला. फुटबॉल २२ सेंटिमीटरचा, म्हणजे पृथ्वी साडेतेवीस मीटरवर, म्हणजे सगळ्यात लांबचं यान चार किलोमीटरवर. शनी येईतो पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला आणि अर्धी फौज पावामागे पळाली. दुसऱ्या वर्षी सोललेला नारळ घेतला, शेंडी काढून, सव्वानऊ-साडेनऊ सेंटिमीटरचा. त्याने पृथ्वी बरोबर दहा मीटरवर येते आणि सगळा हिशेब तोंडी होतो. रस्ता आखूड असेल तर कागदी लिंबू चालेल. चार सेंटिमीटरच्या लिंबाला पृथ्वी सव्वाचार मीटरवर, आणि सगळा फेरा पाऊण किलोमीटरच्या आत आटपतो. पण लिंबापुढे पृथ्वी इतकी बारीक होते की भुरग्यांना ती दाखवायला भिंग लागतं.

नारळाच्या मापाने पृथ्वी म्हणजे खसखशीचा एक दाणा. शुक्रही खसखसच. बुध आणि मंगळाला बारीक रव्याचे कण. गुरूला काबुली चणा, शनीला सुका वाटाणा, युरेनस आणि नेपच्यूनला धणे, तेही बारीक निवडून. हे सुटं ठेवू नका. दुसऱ्या वर्षी गुरू कावळ्याने उचलला, शनीच्या जागी कोंबडी उभी होती आणि पृथ्वीला मुंग्या लागल्या. तेव्हापासून प्रत्येक दाणा जाड कागदाच्या तुकड्यावर डिंकाने चिकटवतो, आणि तो तुकडा बांबूच्या कामटीला बांधून रस्त्याकडेला रोवतो.

नारळापासून मीटरमध्ये अंतरं अशी: बुध ४, शुक्र ७, पृथ्वी १०, मंगळ १५, गुरू ५२, शनी ९५, युरेनस १९२, नेपच्यून ३००. प्लूटो जवळ-लांब होत असतो. यान तिथे गेलं तेव्हा तो ३३० वर होता, तेच धरावं.

दहा मीटरची पावलं

फीत लागते ती एकदाच. दहा मीटर आखा, आपल्या नेहमीच्या चालीने तीनदा चाला आणि पावलं मोजा. माझी चौदा होतात. मुद्दाम ढांगा टाकू नका. शंभर मीटरनंतर पाय मूळ चालीवर येतो आणि नेपच्यून अलीकडेच राहतो.

शनीपर्यंत पावलं पुरतात, त्यापुढे सायकल. चाकाचा वॉल्व खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा, वॉल्व पुन्हा खाली येईपर्यंत सायकल ढकला, दुसरी खूण करा. माझ्या अठ्ठावीस इंची सायकलचा फेरा २ मीटर २० सेंटिमीटर भरतो. पुढच्या चाकाच्या एका स्पोकला कार्डाची पट्टी अशी बांधायची, की दर फेऱ्याला ती चिमट्याला एकदा लागून टक् वाजेल. एकाने टक् मोजायचे, दुसऱ्याने दर शंभराला एक बोट मुडपायचं. सतराशे मीटरला ७७३ टक् होतात. मोबाइलवर अंतर दिसतं हे मला माहीत आहे, नातीने दाखवलंय. पण कुळागरात शिरलं की तो निळा ठिपका पोफळींवरून भलतीकडेच भटकायला लागतो.

रस्ता वळतो याची काळजी करू नका. यानं तरी कुठे एका रेषेत गेलीत? व्हॉयेजर १ ग्रहांच्या पातळीच्या वर निघून गेलं, व्हॉयेजर २ खाली, न्यू होरायझन्स तिसरीकडे. सगळ्यांना एका रस्त्यावर आणणं ही आपली सोय. हे आधीच सांगून टाकावं, नाहीतर कुणीतरी विचारतंच की मग ती एकमेकांवर आपटत कशी नाहीत.

कार्डं

प्रत्येक यानाचं एक पोस्टकार्ड करायचं. एका बाजूला नाव, सुटल्याची आणि पोचल्याची तारीख. दुसऱ्या बाजूला त्याने कळवलेली एक बातमी. एकच. पहिल्या वर्षी मी ओळी भरभरून लिहिलं होतं, आणि वाचून दाखवताना माझाच घसा बसला.

मग एक काम भुरग्यांकडूनच करून घ्या. ज्या यानाशी बोलणं संपलंय त्याच्या कार्डाचा कोपरा फाडायचा. पूर्वी मयताची बातमी असलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. असं कार्ड पिशवीत हाताला लागलं की दारात हाक कशी मारायची तेच मला सुचायचं नाही. आताच्या पोरांना ही रीत ठाऊक नाही, पण एकदा सांगितली की ती कार्ड हातात घेण्याआधी कोपरा बघायला लागतात.

तिसरा एक प्रकार आहे. टपालात दोनच गोष्टी खात्रीच्या असतात, पत्र सुटलं ती आणि पोच आली ती. मधलं सगळं भरवशावर. बीगल २ हे ब्रिटिश यान २५ डिसेंबर २००३ ला मंगळावर उतरायचं होतं. काहीच आवाज आला नाही. २०१५ मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या एका यानाच्या फोटोंत ते सापडलं. उतरलेलं होतं, फक्त त्याच्या सौर पाकळ्या पुरत्या उघडल्या नव्हत्या आणि अँटेना शेवटच्या पाकळीखाली अडकली होती. पत्र दारात पडलेलं आणि सही करायला कुणी नाही, तसं. अशा कार्डावर आम्ही प्रश्नचिन्ह काढतो.

आता चाला

नारळ एखाद्या गडग्यावर ठेवा आणि पहिलं कार्ड त्याच्यापासून हातभर अंतरावर टेकवा. हे पार्कर. २४ डिसेंबर २०२४ ला ते सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं, आपल्या मापाने ४१ सेंटिमीटर. कार्ड धड आहे. बुधापाशी मेसेंजर, कोपरा फाटलेलं. ते चार वर्षं बुधाभोवती फिरलं आणि इंधन संपल्यावर २०१५ मध्ये त्याच्यावर कोसळलं. शुक्रापाशी रशियनांची व्हेनेरा. व्हेनेरा ७ ने १९७० मध्ये दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून पहिल्यांदा संदेश पाठवला. व्हेनेरा १३ ने १९८२ मध्ये साडेचारशे अंशांच्या भट्टीत १२७ मिनिटं तग धरला. नेमून दिलेली होती फक्त ३२. एवढं सांगून पुढे चला.

पृथ्वीपाशी मात्र सगळ्यांना खाली बसवा. खसखशीच्या दाण्यापासून अडीच सेंटिमीटरवर, जेमतेम दीड बोटावर, टाचणीने एक भोक पाडा. तो चंद्र. माणूस स्वतः, रक्तामांसाचा, जिथवर गेला ती मजल या दीड बोटाची. चांद्रयान ३ चं विक्रम २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं तेही याच भोकात. पृथ्वीपासून चार-पाच बोटं, दहा सेंटिमीटर, सूर्याच्या बाजूला आदित्य एल १ चं कार्ड लावा. ते १५ लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवून आहे. मग भुरग्यांना उठवून रस्त्याकडे बोट दाखवा. वळणापर्यंत रस्ता दिसतो, आणि आपल्याला वळणाच्याही पुढे जायचंय. मी त्या वेळी काही बोलत नाही. त्यांच्यापैकीच कुणीतरी दीड बोटाकडे बघतं, मग रस्त्याकडे.

मुंगीच्या चालीचं टपाल

पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये एक खेळ आहे, तो चुकवू नका. प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. आपल्या रस्त्यावर ते अंतर दहा मीटर. म्हणजे आपल्या मापात प्रकाश सेकंदाला दोन सेंटिमीटर सरकतो, मुंगीसारखा. रेडिओचा संदेशही तेवढाच. मी टपालाची पिशवी घेऊन ताशी पाच किलोमीटर चालायचो, म्हणजे या रस्त्यावर मी प्रकाशाच्या जवळजवळ सत्तर पट वेगाने जातो. ही फुशारकी मी दर वर्षी मारतो.

एका भुरग्याला मंगळावर उभं करा, तो गाडी. दुसरं पृथ्वीवर, ते ऑफिस. तिसरी टपालवाली. गाडी चिठ्ठी लिहिते, "पुढे खड्डा दिसतो. थांबू का?" टपालवालीने ती चिठ्ठी सेकंदाला दोन सेंटिमीटर अशी सरकवत न्यायची. पाच मीटरला चार मिनिटांहून थोडं जास्त. ऑफिस "थांब" लिहून परत पाठवणार. गाडीने मात्र तोवर दर मिनिटाला एक पाऊल पुढे टाकत राहायचं. उत्तर हातात पडतं तेव्हा गाडी कधीच खड्ड्यात गेलेली असते. खड्डा खराच खणा, वीतभर पुरतो.

आणि मंगळ दर वेळी इतका जवळ नसतो. पर्सिव्हिअरन्स १८ फेब्रुवारी २०२१ ला उतरलं तेव्हा संदेशाला एका बाजूने अकरा मिनिटं लागत होती आणि वातावरणात शिरल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा सगळा खेळ सात मिनिटांचा. ऑफिसला 'शिरलो' अशी बातमी मिळाली तेव्हा गाडी उतरून चार मिनिटं होऊन गेली होती. म्हणूनच या यंत्रांना आपलं आपण ठरवायला शिकवून पाठवावं लागतं. छत्रीने वेग आवरायचा कधी, खालच्या जमिनीचे फोटो ओळखून दगड टाळायचे कसे, सगळं आधीच भरून दिलेलं. 'यंत्रमानव' म्हटल्यावर भुरग्यांच्या डोळ्यांपुढे हातपाय असलेला पत्र्याचा माणूस येतो. विचारून ठरवायला सवड नाही म्हणून स्वतः ठरवणारं यंत्र, ही व्याख्या त्यांना या खड्ड्यात कळते.

मंगळापाशी कार्डांची गर्दी होते. मी चारच ठेवतो. व्हायकिंग १, २० जुलै १९७६ ला उतरलेलं, फाटलेलं. ऑपर्च्युनिटी, नव्वद दिवसांसाठी पाठवलेली गाडी, २००४ पासून २०१८ च्या धुळीच्या वादळापर्यंत चालली, ४५ किलोमीटर. हेही फाटलेलं, आणि याचा कोपरा फाडायला कुणी तयार नसतं. आपलं मंगळयान, २४ सप्टेंबर २०१४ ला पहिल्याच खेपेत पोचलेलं, सहा महिन्यांच्या बोलीवर जवळजवळ आठ वर्षं राबलेलं, फाटलेलं. आणि पर्सिव्हिअरन्स, धड.

लघुग्रहांवर फार वेळ घालवू नका, पण पार्सलाची गोष्ट सांगा. बेन्नू नावाच्या दगडावरून ओसायरिस-रेक्स यानाने १२१.६ ग्रॅम माती उचलली आणि २४ सप्टेंबर २०२३ ला ती डबीतून पृथ्वीवर टाकली. एवढी सात वर्षांची खटपट मूठभर मातीसाठी! ती मूठ दाखवायला मी घरून रवा मोजून आणतो. रवा आणायचं कारण, येताना गुळाच्या शिऱ्याची लालूच असते.

गुरूच्या पुढे

इथून कार्डं विरळ होत जातात. चालण्याचा सूर आपोआप बदलतो, पोरं बोलेनाशी होतात किंवा उलट गाणी म्हणायला लागतात.

गुरूपाशी पायोनियर १० पहिलं पोचलं, डिसेंबर १९७३. १९७९ च्या मार्चमध्ये व्हॉयेजर १ ने त्याच्या आयो नावाच्या चंद्रावर जिवंत ज्वालामुखी पाहिले. जूनो २०१६ पासून गुरूभोवती फिरतंय. शिवाय दोन कार्डं पिशवीतच ठेवायची, रोवायची नाहीत. युरोपा क्लिपर आणि ज्यूस. वाटेत आहेत, २०३० आणि २०३१ मध्ये पोचायची आहेत. ती पिशवी सगळ्यात लहान भुरग्याच्या गळ्यात अडकवावी. पोचतील तेव्हा ते दहावी-बारावीत असेल.

शनीपाशी जरा थांबा. कॅसिनी तिथे तेरा वर्षं होतं आणि १५ सप्टेंबर २०१७ ला त्याला मुद्दाम शनीत बुडवलं, शनीच्या चंद्रांवर पाणी आहे तिथे ते चुकून आपटून आपले जंतू सांडू नयेत म्हणून. त्याच्याबरोबर गेलेलं हायगेन्स १४ जानेवारी २००५ ला टायटन या चंद्रावर छत्रीने उतरलं आणि तासाभराहून जास्त वेळ तिथल्या जमिनीवरून बोलत राहिलं. माणसाने बनवलेली वस्तू अलगद टेकली अशी सगळ्यात लांबची जागा ती. नारळापासून ९५ मीटर. मागे वळून बघा, नारळ अजून दिसतो.

युरेनस १९२ वर, नेपच्यून ३०० वर. दोघांपाशी एकेकच कार्ड, आणि दोन्ही एकाच यानाची. व्हॉयेजर २, २४ जानेवारी १९८६ आणि २५ ऑगस्ट १९८९. त्याच्या आधी कुणी नाही, नंतर कुणी नाही. माझ्या बीटवर अशी दोन घरं होती, कुळागराच्या अगदी आत. आयुष्यात एकदा पत्र आलं, आणि त्या एका पत्रावर म्हातारी पुढे वर्षानुवर्षं बोलायची. युरेनसबद्दल आपलं जवळून पाहिलेलं सगळं ज्ञान असं एका भेटीचं आहे. माझं मत विचाराल तर पुढचं मोठं टपाल तिकडे जायला हवं. मंगळाच्या दारात बरीच गर्दी झाली.

प्लूटोपाशी न्यू होरायझन्स साडेनऊ वर्षांनी १४ जुलै २०१५ ला पोचलं आणि न थांबता निघून गेलं. थांबायला वेग मारावा लागतो, त्याला इंधन लागतं, आणि तेवढं इंधन नेलं असतं तर पोचायलाच कितीतरी वर्षं जास्त गेली असती. भेटीत टिपलेली माहिती पाठवायला मात्र त्याला पंधरा महिने लागले, इतका धागा बारीक. भेट काही तासांची आणि पत्रं सव्वा वर्षभर येतायत.

चारशे मीटरवर थांबून सगळ्यांना मागे वळवा. १४ फेब्रुवारी १९९० ला व्हॉयेजर १ ने इथूनच, ६०० कोटी किलोमीटरवरून, मागे वळून पृथ्वीचा फोटो घेतला होता. त्या फोटोत पृथ्वी एका ठिपक्याहूनही लहान आली. विचारा, खसखस दिसते का? हसतात. बरं, नारळ? तोही नाही दिसत. यासाठी मी एकाला नारळापाशी विजेरी घेऊन ठेवतो आणि शीळ घातली की लावायला सांगतो. सकाळी धुकं असेल तर काहीच दिसत नाही, तेव्हा धुकं उठल्यावरच निघा.

न्यू होरायझन्स आज ६३५ मीटरवर आहे, धड. (ही आणि पुढची अंतरं २०२६ उजाडतानाची.) ८२० वर पायोनियर १० चं फाटलेलं कार्ड, कारण २३ जानेवारी २००३ ला त्याचा शेवटचा क्षीण आवाज ऐकू आला तेव्हा ते तिथे होतं. यान अजूनही पुढे जातंच आहे, पण आम्ही कार्ड पोच आली तिथेच ठेवतो. १,२१६ मीटरवर रस्त्यावर खडूने आडवी रेघ ओढा. २५ ऑगस्ट २०१२ ला व्हॉयेजर १ ने ही रेघ ओलांडली. सूर्यातून सतत सुटणारा कणांचा वारा इथवर पोचतो. याच्या पलीकडे ताऱ्यांमधली मोकळी जागा. भुरगी ही रेघ उडी मारून ओलांडतात, मी सायकलवरून.

चुकलेला पत्ता

१,४२० मीटरवर व्हॉयेजर २. २० ऑगस्ट १९७७ ला सुटलेलं. २०२३ च्या जुलैत त्याला पाठवलेल्या आज्ञेत एक चूक राहिली आणि त्याची अँटेना पृथ्वीपासून दोन अंश बाजूला वळली. फक्त दोन अंश. पण त्या अंतरावर दोन अंश म्हणजे फोंड्याच्या केरीऐवजी पेडण्याचं केरी. बोलणं बंद. मग ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या मोठ्या अँटेनातून, होता नव्हता तेवढा जोर लावून, 'तोंड इकडे कर' अशी हाक मारली. जायला साडेअठरा तास, उत्तर यायला साडेअठरा. सदतीस तासांनी, ४ ऑगस्टला, पोच आली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सायकल बाजूला लावून गडग्यावर बसलो होतो.

इथे यानाच्या आवाजाबद्दल सांगा. त्याचा ट्रान्समीटर २३ वॉटच्या आसपासचा, घरातल्या एखाद्या दिव्याएवढा. वीज प्लुटोनियमच्या उबेवर बनते आणि दर वर्षी साधारण चार वॉटनी कमी होते, म्हणून एकेक उपकरण बंद करत आणलंय. घरात तेल संपत आलं की आपण देवापुढचा दिवा तेवढा ठेवतो, तसं.

आणि मग रस्ता, रस्ता, रस्ता. दोनशे ऐंशी मीटर काहीच नाही. भुरगी म्हणतात, "आजो, अजून किती?"

१,७०० वर व्हॉयेजर १. ५ सप्टेंबर १९७७. आज सगळ्यात लांब, दोन हजार पाचशे कोटी किलोमीटरच्या पुढे. २०२३ च्या नोव्हेंबरात ते बरळायला लागलं. संदेश येत होते पण त्यात अर्थ नव्हता. महिनोन् महिने शोधल्यावर कळलं की स्मृतीतली एक चिप गेलीय. दुरुस्त करायला कोण जाणार? त्या चिपवर असलेला मजकूर तुकडे करून, उरलेल्या स्मृतीत जिथे जिथे फट सापडली तिथे बसवला. १९७७ च्या त्या यंत्राची सगळी स्मृती मिळून मोबाइलवरच्या एका साध्या फोटोलाही पुरणार नाही. दर आज्ञेला जायला साडेबावीस तास, यायला साडेबावीस. २० एप्रिल २०२४ ला ते पुन्हा शुद्धीवर आल्यासारखं बोललं. कार्ड धड आहे, आणि ते रोवायचा मान दर वर्षी ज्याने टक् मोजले त्याचा.

इथे मोबाइल काढा. दोन्ही व्हॉयेजरवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठी आहे. आणि जगभरच्या संगीतात आपल्याकडची एकच चीज आहे, भैरवीतली 'जात कहाँ हो'. गाणारीण सूरश्री केसरबाई केरकर. केरकर म्हणजे केरीच्या, आणि केरी म्हणजे हीच, फोंड्याची. १८९२ मध्ये इथे जन्मल्या. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला, बाई मुंबईत गेल्या १६ सप्टेंबरला. दोन दिवसांनी, १८ तारखेला, त्या यानाने पृथ्वी आणि चंद्र एका चौकटीत घेतले. तेव्हा ते खसखशीपासून ७८ सेंटिमीटरवर होतं, माझ्या एका पावलाहून थोडं पुढे.

गाणं साडेतीन मिनिटांचं आहे, पुरतं वाजवा. पोफळींखाली बरं लागतं. भुरगी चुळबुळ करतात, करू द्या. आमच्या एका चिमुरडीने विचारलं होतं, गाण्यात 'कुठे चाललास' म्हणतात, तर यान चाललंय कुठे? नेमकं कुठे नाही, बाय. चाळीसेक हजार वर्षांनी ते ग्लीझ ४४५ नावाच्या ताऱ्याच्या दीड-पावणेदोन प्रकाशवर्षांवरून जाईल. आणि सूर्याला सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा, आपल्या मापाने कुठे ठेवायचा तेही मी काढलंय. २,६८० किलोमीटरवर. म्हणजे बहरीन. वाड्यावरच्या तिघांचे बाप आखातात आहेत, त्यामुळे बहरीन म्हणजे किती लांब हे इथे कुणाला समजावून द्यावं लागत नाही.

परत येताना दाणे, कामट्या, कार्डं गोळा करा. रस्त्यावर काही सोडू नका. व्हॉयेजर १ ची खूण मात्र विजेच्या खांबावर खडूने करून ठेवा, कारण ते आपल्या रस्त्यावर वर्षाला ३६ मीटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ दहा सेंटिमीटर, पुढे जातं. २०२६ च्या नोव्हेंबरात ते १,७३१ मीटर ओलांडेल. तिथे संदेशाला एका बाजूने पुरते चोवीस तास लागतात.

आमची अडचण त्याच्या पुढच्या वर्षीची आहे. १,७६० मीटरवर रस्ता संपून एका घराचं फाटक लागतं, आणि कार्ड फाटकाच्या आत रोवावं लागणार. घरमालकाशी बोलून ठेवलंय, तो हसून 'हो' म्हणाला. त्याच्या कुत्र्याच्या पणजोबाने एकेकाळी माझी खाकी पँट फाडली होती. कुत्र्याशी अजून बोलणं झालेलं नाही.